थैलीशेजारची जागा

॥ श्री यमाई प्रसन्न ॥
औंध, ता. ४ जानेवारी १९४४

चि. जोतीराम यास अंजनाअक्काचा आशीर्वाद. या वेळी जरा हात आखडूनच.

काल, सोमवार ता. ३ जानेवारी, सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी सांगलीची गाडी यमाईच्या यात्रेला निघालेल्या आम्हा नऊजणींना रहिमतपूर स्टेशनात उतरवून गेली. तुझी सर्व्हिस मोटार समोर हवी होती. नव्हती. दोनपर्यंत मी घड्याळ पाहत बसले. मी शिकवीत होते त्या पाचगणीच्या कॉन्व्हेंटात पाच मिनिटं उशीर झाला की मदर जेवण बंद करीत. त्यांच्या हाती तू सापडायला हवा होतास. पाचजणी परतीच्या गाडीनं निघून गेल्या. उरलेल्या आम्ही चौघी ज्ञानूच्या बैलगाडीतून हाडं खिळखिळी करून घेत इथं पोचलो.

आपल्या आतेबहिणीनं, साळूबाईनं, खानावळीत तीस पानांचा स्वयंपाक केला होता. जेवलो आम्ही चौघी. पेट्रोल महागल्यापासून तुझं भाडं आठ आण्यांचं चौदा आणे झालं, सांगलीकर निम्मे घरीच बसतात. देवळाखाली नारळवाल्या आणि कासार माश्या मारतात. येतील त्यांनाही तू स्टेशनात वाळत ठेवणार असशील, तर पौर्णिमेची यात्रा झाली की खानावळीला कुलूप लावते, असं ती म्हणाली. रडली नाही. भांडी घासता घासता म्हणाली, म्हणून मला जास्त लागलं.

तेव्हा साताऱ्याच्या पेट्रोल अधिकाऱ्यांना मी दोन पानी इंग्रजी अर्ज लिहिला आहे. या मोटारीची पेट्रोलची रेशन-कुपनं जातात कुठं, टाकी उघडून तपासावी. आज सकाळी इथल्या पेटीत टाकला.

रागावली तरी तुझी थोरली,
अंजना

रहिमतपूर, ता. ५ जानेवारी १९४४

ती. अक्कास जोतीरामचा शि. सा. नमस्कार वि. वि.

ज्ञानूनं पत्र दिलं. सोमवारी मोटार स्टेशनाच्या अलीकडं दोन मैलांवर बंद पडली, ढकलून आडबाजूला लावली हुती. कुपनावरचं पेट्रोल यात्रेला पुरत न्हाई, अन् काळ्या बाजारातलं घेऊन भाडं आणखी वाढवलं तर साळूबाईकडं कोण जेवाया येणार? म्हणून टाकीत रॉकेल मिसळलं. चार फेऱ्या निभावल्या, पाचवीला इंजनानं मान टाकली. स्टेशनात चालत आलो असतो, पण माझ्या कपड्यांचा वास तुला लांबनंच कळला असता. लाज वाटली.

तू तपासाया सांगितलीस ती हीच टाकी. लायसन गेलं तर येत्या सोमवारी पौर्णिमेला माणसं येणार कशानं?

आता गंमत ऐक. औंधची टपालाची थैली माझ्याच मोटारीतनं स्टेशनाला जाते. मोटार बंद, म्हणून तुझा अर्ज अजून औंधातच हाय. शुक्रवारी सकाळी इंजन साफ करून येतो अन् थैली उचलतो. सीलाला हात लावणार न्हाई. अठरा वर्षं पलटणीत काढली ती असलं करायला न्हाई. माझ्याविरुद्धचा अर्ज मीच पोचवीन. अगं अक्का, इंग्रजी तरी जरा सोपं लिहायचं हुतं.

रागात का हुईना, आठवण ठेव.
तुझा जोतीराम

औंध, ता. ६ जानेवारी १९४४, सकाळ

चि. जोतीराम यास आशीर्वाद, या वेळी पुरेपूर.

पत्र वाचून तशीच पोस्टमास्तरांकडे गेले, अर्ज परत मागितला. पेटीत पडलं ते सरकारचं, असं म्हणून त्यांनी नियमाचं पुस्तक पुढं केलं. तीस वर्षं मुलींना नियम शिकवले, ते माझ्यावर उलटायला हाच मुहूर्त सापडला.

रॉकेल घातलंस हा गाढवपणा, मला सांगितलं नाहीस हा त्याहून मोठा. तुला न विचारता अर्ज लिहिला, तो माझा. साळूबाईला सगळं सांगितलं. ती उठून पौर्णिमेची डाळ निवडायला बसली, पन्नास पानांची.

शुक्रवारी थैलीशेजारची जागा माझी. थैलीबरोबर मी साताऱ्याला जाईन. अर्ज साहेबांच्या टेबलावर पडेल तेव्हा टेबलासमोर मी उभी असेन. टाकीत काय होतं आणि का होतं ते सांगेन, आणि यात्रेपुरती जादा कुपनं मागेन. खोटं मला जमणार नाही. गप्प बसणं जमेल, कष्टानं. पण खरं सांगितलं तर लायसन जाऊही शकतं, आणि ते तुझं आहे. म्हणून सांगू की गप्प बसू, हे तू ठरवायचं.

उत्तर लेखी हवं, आज ता. ६, संध्याकाळी सहाच्या आत, ज्ञानूच्या हाती. एक शब्द पुरे. शुद्धलेखन तपासणार नाही.

तुझी
अक्का