पेंढ्याचं रेडकू

मंगळवार पेठ, कोल्हापूर
सोमवार, १७ नोव्हेंबर २००३

ती. अक्का हिस,

विद्याचा नमस्कार. दाजींनाही सांग. त्यांचा गुडघा आता कसा आहे?

तुझं पत्र आणि संकेश्वरी मिरच्या एकाच दिवशी पोचल्या. मिरच्या गच्चीवर वाळत घातल्या आहेत. अव्वाची तब्येत ठीक आहे. जेवते, टीव्ही बघते, माझ्याशी बोलत नाही. का बोलत नाही ते पुढे येईलच.

उत्तराला बारा दिवस लागले. तीन वेळा लिहिलं आणि फाडलं. फाडलेल्या तिन्ही पत्रांत मी तुमच्या धोंडुबाईंची चूक काढली होती. यमाचं वाहन रेडा, म्हैस नव्हे. चाळीस वर्षं लोकांच्या स्वप्नांचे अर्थ सांगणाऱ्या बाईंना एवढा तरी फरक कळायला हवा, वगैरे. मुद्दा बरोबर होता. पण दुसरं काही लिहावं लागू नये म्हणून मी तो लिहीत होते, हे तिसऱ्या वेळी माझ्या लक्षात आलं.

तर आधी तुझं म्हणणं पुन्हा मांडते, म्हणजे माझ्याकडून काही सुटायला नको. मी फोनवर सांगितलेलं स्वप्न तू धोंडुबाईंना सांगितलंस. आपल्या सोमूची स्कूटर रस्त्यानं चालली आहे, मागच्या सीटवर मेलेलं रेडकू आहे, त्यामागे एक म्हैस जीभ बाहेर काढून धावते आहे आणि गाडी कुणीतरी चालवतंय. धोंडुबाई म्हणाल्या, रेडकू म्हणजे सोमशेखर, त्याचा जीव अजून घरात अडकलाय. म्हैस म्हणजे मरण. आणि तो 'कुणीतरी' म्हणजे प्रत्यक्ष न्यायला आलेला. सोमूच्या बायकोनं या घराचा उंबरा ओलांडून दुसरं लग्न केलं, तर संक्रांतीच्या आत घरातलं म्हातारं माणूस जाईल.

ते तू अव्वाला सांगितलंस, अव्वानं सुनेला, सौंदर्याला. दिवाळीच्या पाडव्याला सगळ्यांसमोर "मी ऋतुराजशी लग्न करणार हाय" म्हणून सांगणारी ती पोरगी एका दुपारीत गप्प झाली. "अव्वांच्या जिवावर मला संसार नको," म्हणाली आणि भांडी घासायला बसली.

म्हणजे माझ्या स्वप्नानं तिचं लग्न मोडलं. अक्का, स्वप्न माझं आहे. त्याचा अर्थही मीच सांगणार.

माझी डायरी तुला ठाऊक आहेच. लहानपणी तू ती चोरून वाचायचीस आणि आप्पांना जाऊन सांगायचीस. आज मी स्वतःहून वाचायला देते. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे, तोंडसुद्धा न धुता लिहिलेलं जसंच्या तसं उतरवते:

"सोमूची गाडी. पंचगंगेच्या घाटाकडचा रस्ता. सायलेन्सर काढलेला, कान फुटतील असा आवाज. मागच्या सीटवर रेडकू, पेंढा भरलेलं, सयाजी भरायचा तसलं. पोटाची शिवण उसवलेली. मागे म्हैस, शिंगं रंगवलेली. रेडकाला चाटायला बघते, पोचत नाही. तोंडाला फेस. पेंढा उडून तिच्या डोळ्यांत जातो. गाडी मी चालवत होते. आरशात तिला बघत होते. ती दमली की मी वेग कमी करायची, थोडं चाटू द्यायची, मग पुन्हा वाढवायची. मजा येत नव्हती. पण थांबतही नव्हते."

वाचलंस? गाडी मी चालवत होते. तुला सांगताना 'मी'चं 'कुणीतरी' झालं आणि पेंढा भरलेलं रेडकू नुसतं 'मेलेलं' झालं. दोनच शब्द बदलले. फोन ठेवल्यावर स्वतःची समजूत घातली, की मला साधी सायकल येत नाही, मी स्कूटर कशी चालवेन? स्वप्नात ती मी नसणारच. लायब्ररीत एका पुस्तकाचा नंबर चुकला तर मला झोप येत नाही, आणि इथे सरळ सरळ खोटं बोलून मी त्या दिवशी दोन वाट्या बासुंदी खाल्ली.

तुला सयाजी आठवतो ना? आप्पांच्या गोठ्यात चार म्हशी होत्या, धार काढायला तो यायचा. चंद्रीचं रेडकू मेलं तेव्हा त्यानं त्याच्या कातड्यात पेंढा भरला, शिवलं आणि तिच्यापुढे उभं केलं. चंद्री चाटायची आणि पान्हा सोडायची. तू लांब पळालीस. मी विचारलं होतं, "सयाजीमामा, तिला कळत न्हाई व्हय?" चरवी गुडघ्यात धरून तो म्हणाला, "कळतंय की. पर चाटायला कायतरी लागतंय न्हवं?"

मी तेव्हा आठ वर्षांची. ते दूध मी पीत होते. गोड होतं.

अक्का, आपल्या घरातलं पेंढ्याचं रेडकू म्हणजे सोमूची स्कूटर. तो काविळीनं गेला त्याला चार वर्षं झाली. चार वर्षं ती गाडी बोळात उभी आहे. रोज सकाळी अव्वाची हाक येते, "सोमूची गाडी पुसलीस का गं?" आणि सौंदर्या फडकं घेऊन जाते. दसऱ्याला गाडीला हार. गाडी पुसून झाली की चहा, मग अव्वाचं अंग शेकणं, माझा डबा, धुणं. माझ्या इस्त्रीच्या साड्या. अव्वा कुणाला म्हणून सांगते, "लई माया हाय तिची सोमूवर, गाडीवर धूळ बसू देत न्हाई."

ही चाल अव्वाची नव्हे, माझी. तू तेव्हा संकेश्वरला परतली होतीस. महिन्याभरानं सौंदर्यानं विचारलं होतं, "वन्सं, काही दिवस म्हायेरी जाऊन येऊ का?" मी म्हणाले, "जा की. पण सोमूची गाडी कोण पुसणार?" तिनं पिशवी परत कोनाड्यात ठेवली. मी काही वाईट बोलले नव्हते. आवाजही चढवला नव्हता. त्या दिवशीच्या डायरीत लिहिलंय, "सौंदर्या राहिली. बरं झालं."

एवढ्यावर हे पत्र संपलं असतं तर बरं होतं. पण आणखी एक आहे, आणि तीन पत्रं फाडली ती खरं म्हणजे यासाठी.

श्रावणात केरबा माझ्या कॉलेजच्या लायब्ररीत आले होते. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशी घेऊन उभे असतात ते केरबा, सौंदर्या संध्याकाळी त्यांच्याकडेच दूध आणायला जाते. ऋतुराज त्यांचा पुतण्या. शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत असतो, पाळी सुटली की चुलत्याला मदत करायला कट्ट्यावर येतो. केरबा टोपी हातात धरून पुस्तकांच्या कपाटांकडे बघत उभे राहिले. म्हणाले, "बाई, आमच्या पोराचं मन तुमच्या भावजयीवर हाय. तुम्ही शिकलेल्या. तिच्या मनात काय हाय तेवढं इचारून सांगा. न्हाय म्हणाली तर पुन्यांदा नाव काढणार न्हाय."

मी म्हणाले, "तिच्या मनात तसलं काही नाही."

विचारलं नाही, अक्का. घरी जाऊनसुद्धा विचारलं नाही. त्या दिवशी डायरीचं पान कोरं आहे. पस्तीस वर्षांत माझी कोरी पानं मोजकी आहेत, आणि आजारपण नसताना कोरं राहिलेलं ते एकच.

मग पाडवा आला. शिंगं रंगवून, माळा घालून म्हशी निघाल्या, पुढे सायलेन्सर काढलेली फटफटी आणि तिच्यामागे पळणाऱ्या म्हशी. केरबांची म्हैस आपल्या दारात थांबली. सौंदर्या आत गेली, ताट घेऊन आली, म्हशीला ओवाळलं. अव्वा ओरडली, "दुसऱ्याच्या म्हशीला कशापायी ओवाळतीस?" तेव्हा ताट हातात धरूनच तिनं ऋतुराजचं नाव घेतलं. स्वप्न मला त्यानंतरच्या पहाटे पडलं. कुठून आलं ते सांगायला धोंडुबाई कशाला हव्यात?

तुझं पत्र आल्यावर तीन दिवस मी तिचं गप्प राहणं बघितलं. चौथ्या दिवशी, शनिवारी, डायरी घेऊन स्वयंपाकघरात गेले. ती भाकरी थापत होती. उभ्यानंच स्वप्न वाचून दाखवलं. तिचा हात थांबला नाही. मी म्हणाले, "अजून एक हाय. श्रावणात केरबा लायब्ररीत आलते."

"ठाऊक हाय."

"काय ठाऊक हाय?"

"तुम्ही त्यास्नी काय सांगितलासा ते. ऋतुराजनं त्याच आठवड्यात मला सांगितलं." तिनं भाकरी तव्यात टाकली, वरून पाणी फिरवलं. "तवापासनं बघत हुते, वन्सं, तुम्ही कधी सांगताय."

"मग विचारलं का न्हाईस?"

"खरं बोलणारी बाई म्हणून तुमचं पेठेत नाव हाय. तुम्ही खोटं बोललासा म्हटल्यावर मलाच लाज वाटली."

मी तिथेच खाली बसले. तिनं भाकरी उलटली. मग म्हणाली, "सपनात का हुईना, गाडी शिकलासा की." आणि हसली. मला हसता आलं नाही. अजून आलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अव्वानं हाक मारली, "सोमूची गाडी पुसलीस का गं?" मी पुढे झाले. "आजपासून ती पुसणार न्हाई. मीबी न्हाई."

अव्वानं माझ्याकडे असं बघितलं, की मी आठ वर्षांची झाले. "आणि मला कोण बघणार?"

"मी."

"तुला भाकरी येतीया व्हय?"

"शिकते."

"शेहेचाळीस वर्सांत न्हाई शिकलीस."

"तू गरज पडू दिली न्हाईस. आधी तू हुतीस, मग सौंदर्या."

"आणि संक्रांतीला मी मेले तर?"

"तर म्हातारपणानं गेलीस म्हणेन. सौंदर्याचं नाव कुणाच्या तोंडातनं येऊ देणार न्हाई."

तेव्हापासून ती बोलत नाही. मी केलेली भाकरी मात्र खाते. काठ फाटलेले असतात, मध्ये कच्ची राहते. ती तुकडा उजेडात धरून मला दाखवते आणि मग खाते. न बोलता टोमणा कसा मारावा हे तिच्याकडून शिकावं.

गेल्या शुक्रवारी मी, सौंदर्या आणि ऋतुराज विवाह नोंदणीच्या कार्यालयात जाऊन नोटीस देऊन आलो. महिनाभर ती तिथे फळ्यावर लागते. कुणाला हरकत घ्यायची असेल तर तेवढ्यात घ्यायची. मी कारकुनाला विचारलं, हरकतीला कारणं काय चालतात? तो म्हणाला, "आधीचं लग्न हाय, वय बसत न्हाई, नातं जवळचं हाय, असलं कायतरी."

"आणि कुणाला स्वप्न पडलं असलं तर?"

"कुणाला?"

"मला."

त्यानं चष्म्यावरून बघितलं. "बाई, ह्यात सपनाला जागा न्हाई."

हे तुझ्यासाठी विचारून आले, अक्का. ऋतुराज आपल्यातला नाही, ही खरी हरकत तू पत्रात एकदाही लिहिली नाहीस. मेलेल्या सोमूला पुढे केलंस. मी तुला दोष देत नाही, कारण मीही तेच केलं, आणि तुझ्या हातात तो पेंढा मीच दिला. पण ती हरकत असेल तर माझ्या स्वप्नाच्या आड बसून घेऊ नकोस. इथे येऊन, सौंदर्याच्या तोंडावर घे. ती काय उत्तर देईल ते ऐकायला मला आवडेल.

रात्री अंथरुणावर मलाही प्रश्न पडतो. हा अर्थ तरी मी माझ्या सोयीनं लावतेय का? स्वतःला दोषी धरलं की मन हलकं होतं, तसं तर नाही? असेल. पण धोंडुबाईंच्या अर्थानं एक बाई आयुष्यभर गाडी पुसत राहते आणि माझ्या अर्थानं ती मोकळी होते. चुकायचंच असेल तर मी या बाजूनं चुकणार. धोंडुबाईंना माझा निरोप सांग: गाडी चालवणारा यम नव्हता, कॉलेजची ग्रंथपाल होती, आणि तिनं ब्रेक दाबलाय.

केरबांकडे मी स्वतः गेले होते. कट्ट्यावर, सगळ्यांदेखत. म्हणाले, "मी तुमच्याशी खोटं बोलले." त्यांनी ऐकून घेतलं, धार काढून पेला माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, "प्या." फेस होता, कोमट होतं. म्हशीशेजारी तिचं रेडकू दाव्याला ओढ देत होतं, जिवंत. मी निम्मा पेला प्यायले आणि बाकीचं रेडकासाठी म्हणून त्यांना परत दिलं. ते हसले, "त्याचं त्येला ठेवलंय, बाई. तुमचं तुम्ही प्या." मग सगळं प्यायले.

लग्न बुधवार, १७ डिसेंबरला, सकाळी अकरा वाजता. तीन साक्षीदार लागतात. एक केरबा, दुसरी मी. तिसऱ्यासाठी केरबांच्या शेजारचा एकजण तयार आहे, पण मी त्याला पक्कं सांगितलेलं नाही. ती जागा तुझ्यासाठी ठेवली आहे. आलीस तर तुझ्या हातानं, तुझ्या नावानं सही करायची. नाही आलीस तर नाही.

गाडीवर नऊ दिवसांची धूळ आहे. काल अव्वानं जाता जाता सीटवरून बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं आणि पदराला पुसून आत गेली. हाक मारली नाही.

तुझी बहीण,
गाडी चालवणारी,
विद्याश्री