कातडी वाचवणाऱ्या गोळ्या

बेस्ट, नेदरलँड्स
२१ मार्च २०२१

आदरणीय दामोदर मामा,

राजानंदचा सप्रेम जयभीम. मामींचा गुडघा आणि तुमची साखर दोघंही टाळेबंदीचा मान राखून आपापल्या जागी बसले असतील अशी आशा आहे. आम्ही तिघं बरे आहोत. म्हणजे सुमती बरी आहे, सानिका डचमध्ये बरी आहे (मराठीत विचारलं तर नुसती मान हलवते), आणि माझं काय चाललंय हे सांगण्यासाठीच हे पत्र. ईमेलनं पाठवतोय, तुमच्या समतानं छापून हातात द्यावं आणि स्वतःच्या कुठल्याही ग्रुपवर टाकू नये. फोनवरच बोललो असतो, पण माझ्या एका वाक्याचं नागपुरात पोचेपर्यंत काय झालं ते पाहिल्यापासून मी लेखी कारभारावर आलोय. तर आधी मुद्द्याचं : माझ्याकडे कोरोनावरच्या गोळ्या नाहीत. तुम्ही दोन पाकिटं मागवलीत, विहाराच्या कमिटीसाठी आणखी दहा. मामा, त्या गोळ्या कोल्ह्याला घालायच्या आहेत. बंदुकीतून.

आता हे सगळं सुरू कसं झालं ते ऐका. आमच्या शेजारी एक निवृत्त सुतार राहतो, त्याचं नाव हार्म (इंग्रजीत त्याचा अर्थ काय होतो ते समता सांगेल, इथे ते चांगल्या घरातलं नाव आहे). हार्मकडे शिकारीचा परवाना आहे. सध्या इथे घरी दिवसाला एकच पाहुणा चालतो, आणि हार्मच्या घरी तो एक पाहुणा बहुतेक मीच असतो, कारण बाकीचे लोक त्याच्या गोष्टी आधीच ऐकून बसलेत. गावाबाहेरच्या कुरणांत काही पक्षी जमिनीवरच अंडी घालतात आणि कोल्हा ती खातो. म्हणून पक्षी वाचवायला कोल्हा मारायचा. पण हार्मची बायको रीत कोटांना कॉलर शिवते, म्हणून कोल्हा मारताना त्याची कातडी वाचवायची. इतकं वाचवणं एका जागी मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. गेल्या वर्षी हार्मनं आणलेल्या कातडीला चहाची बशी जाईल एवढं भोक होतं. रीतनं त्याला सांगितलंय की यंदा तसंच आणलंस तर कोल्हा तूच खायचा.

अशा अवघड जागी सापडलेल्या माणसाला मदत करणं हे माझं कर्तव्य होतं असं मी सुमतीला सांगितलं. खरं कारण असं की वर्षभर माळ्यावरच्या खोलीत बसून यंत्रांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधून मला कंटाळा आला होता. मी हार्मची माहितीपत्रकं घेतली आणि तक्ता मांडला. एक गोळी असते ती बारीक भोक पाडून आत शिरते आणि आतच तिचा भुगा होतो, बाहेर पडत नाही, कातडी शाबूत. पण खांद्याच्या हाडावर बसली तर वरच फुटते आणि पुन्हा बशी. दुसरी असते टणक, ती आरपार जाते, दोन्हीकडे मटाराएवढं भोक. पण त्यानं कोल्हा लगेच मरेलच असं नाही, पळत जाऊन कुठेतरी झुडपात तासाभरानं मरतो. इथली माणसं याला कातडीशी मैत्री म्हणतात. कातडीच्या आत जो राहतो त्याच्याशी कोणाची ओळख नाही. मी तक्त्यात वेदनेचा एक रकाना वाढवला तेव्हा हार्मनं चष्मा काढला, रकाना जवळून पाहिला आणि म्हणाला, "हा आकडा कुठलीच कंपनी देत नाही." रकाना रिकामाच राहिला. मी मात्र वरती झोकात मराठीत मथळा दिला : कातडी वाचवणाऱ्या गोळ्या.

तुम्हाला ठाऊक आहे, दर रविवारी इथली आपली मंडळी ऑनलाइन बुद्धवंदना घेतात आणि पडद्यावर पाठ दाखवायचं काम माझ्याकडे आहे. फेब्रुवारीतल्या एका रविवारी नुकतंच पहिलं शील म्हणून झालं होतं, प्राणिहिंसेपासून अलिप्त राहण्याचं, आणि मी पुढचं पान म्हणून चुकून तो तक्ता लावला. चाळीस घरांनी तो वाचला. 'पंचावन्न ग्रेन. आतल्या आत विरते. वरून खूण नाही.' (ग्रेन हे गोळीचं वजन.) वाखनिंगनचे चंद्रहास गजभिये, वनस्पतींवर संशोधन करणारे शहाणे गृहस्थ, त्यांनी अदबीनं विचारलं की ही उपाशीपोटी घ्यायची का. कोणी विचारलं, मुलांना अर्धी चालेल का. मामा, त्या क्षणी खरं सांगता आलं असतं. पण शील म्हणून तोंड मिटलं नव्हतं तोवर बंदुकीचं नाव कसं काढणार? मी म्हणालो, अजून अभ्यास चालू आहे. बस, एवढंच माझं वाक्य. संध्याकाळपर्यंत नागपुरात मी औषध शोधलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी म्हणे डच सरकारनं ते दाबून ठेवलं होतं.

पहिले काही फोन आले तेव्हा मी हसलो. मग अमरावतीहून शर्मिला वानखडे नावाच्या बाईंचा आला. नवरा उल्हास, पाच दिवस ताप, धाप लागलेली, दवाखान्यात खाट नाही, लिहून दिलेलं औषध तीन दुकानांत नाही. त्यांना माझ्या गोळीचा डोस हवा होता. त्यांना मी सगळं खरं सांगितलं, कोल्ह्यापासून कॉलरपर्यंत. त्या रडल्या नाहीत की ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "बरं आहे दादा. इथे माणसाला मिळेना, तिथे कोल्ह्याला पारखून मिळते." ते वाक्य सुमतीनंही ऐकलं, कारण फोन स्पीकरवर होता. तिनं वही काढली. दोघांनी कामावर रजा टाकली आणि अमरावती, बडनेरा, यवतमाळ असे फोन लावत सुटलो. तिसऱ्या प्रहरी वर्ध्याला खाट मिळाली. परवाच्या गुरुवारी उल्हासराव घरी आले. पायऱ्या चढताना दम लागतो, पण भांडायला लागलेत, असं शर्मिलाताईंनी कळवलंय.

शिकार तेरा मार्चला झाली. तक्ता माझा, म्हणून हार्मनं मलाही नेलं. थंडीनं माझे दात वाजत होते. सव्वासातला कोल्हा आला, कुरणाच्या कडेनं, अगदी सावकाश, एखादा साहेब ऑफिसला निघावा तसा. उजेडात त्याच्या मानेवरचे केस वाऱ्यानं दुभंगत होते आणि मला तक्त्यातला तो रिकामा रकाना दिसत होता. हार्मनं बंदूक खांद्याला लावली, आणि माझ्या खिशात फोन कडाडला. कोल्हा नाहीसा झाला. हार्मनं विचारलं, कोण? मी म्हणालो, माझे मामा, नागपूरहून, गोळ्यांसाठी. एकंदरीत त्या जिवाला जीवदान देणारे तुम्हीच, आणि इथल्या मंडळींत मी तसं सांगितलंयही.

मामींना नमस्कार. लशीसाठी नाव नोंदवा, आणि फॉरवर्ड आलेलं काहीही गिळू नका.

तुमचा भाचा,
राजानंद

ता. क. तुम्ही म्हणाल, मी तेरा तारखेला फोन केलाच नव्हता. नव्हताच केला. खिशात हात घालून रिंगटोन मीच वाजवली. पहिलं शील राखायला चौथं, खोटं न बोलण्याचं, मोडलं, हे सुमतीलाही सांगितलेलं नाही.

ता. क. २ हार्मनं येत्या शनिवारी पुन्हा बोलावलंय, आणि मला तीच थाप दुसऱ्यांदा मारवत नाही. तेव्हा शनिवारी, तुमच्या घड्याळात अकरा ते बारा, दर पाच मिनिटांनी खरोखरचा फोन करा. मी उचलणार नाही. तुम्ही थांबू नका.