सूत्रात नसलेला गोळा

२ मार्च, सोमवार. सकाळी ६.१०
उठलो. पट्टी घेऊन अभ्यासाचं वेळापत्रक आखत आहे. पहिल्या वर्षाचं फिजिक्सचं प्रॅक्टिकल अठराला. तिसरी आणि शेवटची संधी. नापास झालो तर एक तारखेपासून भावजींच्या गाद्यांच्या दुकानात बसायचं, असं ताईसमोर ठरलं आहे. भावजी म्हणाले, तुझ्यासाठी स्टूल आणून ठेवलंय. मी म्हटलं, परत करा. ते म्हणाले, घेतलेली वस्तू दुकानदार परत घेत नाही.

सकाळी ९.४०
वेळापत्रक झालं. चार रंग. प्रकाश हा भाग पिवळ्यात लिहिला. दिसत नाही. पुन्हा काढावं लागेल.

५ मार्च, गुरुवार
आता सुबक झालं. पण ते सोमवारपासून सुरू होतं. अधेमधे सुरुवात म्हणजे पायाच कच्चा. येत्या सोमवारी नक्की. नवा कॅल्क्युलेटर घेतला. निम्मं ओझं उतरलं.

९ मार्च, सोमवार
पोट बिघडलं. काळजीने बिघडतं. म्हणजे आतून अभ्यास चालूच आहे.
संध्याकाळी प्रोफेसर आला. हा माझा मित्र. पाच वर्षं पहिल्याच वर्षात आहे म्हणून प्रोफेसर. म्हणाला, दोलक येणार, लिहून घे. आणि गुरुत्वाकर्षणाचा जी ९.८ येतो हे साऱ्या जगाला ठाऊक आहे, मग वेड्या, दोलक हलवायचा कशाला? उत्तरावरून मागे ये!
आधी पटलं नाही. मग फारच पटलं.

१२ मार्च
उलट गणित करून सगळी रीडिंग तयार. एक मीटर लांबीला वीस आंदोलनं, ४०.१४ सेकंद. खरी वाटावीत म्हणून दोन ठिकाणी चूक घातली. चुकाही नीटनेटक्या घातल्या.
लॅबमध्ये सरावाला जाणार होतो. पण तिथला असिस्टंट आयकार्ड ठेवून घेतल्याशिवाय दोलकाचा पितळी गोळा देत नाही. मुलं गोळे पळवतात म्हणे. माझ्यासारख्यावर संशय! गेलो नाही.

१६ मार्च
रीडिंग तोंडपाठ. ताईने भाजी चिरता चिरता विचारली, एकही चुकलं नाही. ती म्हणाली, सगळं खरं रे, पण एकदा तरी हलवून बघितलंस का?
ताईला थिअरीची बाजू समजत नाही.

१८ मार्च, दुपारी ३
चिठ्ठी उचलली. दोलकच! प्रोफेसर थोर आहे. स्टँडसमोर बसलो आणि सगळं भराभर उतरवलं, आलेखासकट. बाकीचे अजून गोळ्यासाठी रांगेत. कीव आली.
बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी वही पाहिली. म्हणाल्या, अक्षर मोत्यासारखं आहे हो. रीडिंग स्वतः घेतलीत? म्हटलं, प्रत्येक तीनदा, मॅडम. त्यांनी स्टँडकडे पाहिलं. नुसता दोरा लोंबत होता. म्हणाल्या, गोळा कुठाय?
गोळा मी आणलाच नव्हता.
पण डोकं विजेसारखं चाललं. म्हटलं, मॅडम, सूत्रात वस्तुमान येतच नाही.
बाई बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिल्या. खांदे हलत होते. मग असिस्टंटला बोलावून मला तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. बहुधा प्रभावित झाल्या. जाताना म्हणाल्या, काळजी करू नका, तुमच्या मार्कांनाही वस्तुमान नसेल.
अर्थ नीट लागला नाही. चांगला असावा.

३१ मार्च
निकाल लागला. अर्थही लागला.
ताईने जेवायला वाढलं. भावजींनी स्टूल पुसलं.

४ एप्रिल, शनिवार. रात्री, दुकान बंद करून
स्टूल डुगडुगतं.
परवा पहिलं गिऱ्हाईक आलं, एक आजोबा. भावजी म्हणाले, टेप घे, त्यांच्या घरी जा, पलंग मोजून ये. उन्हात कोण जाणार? पलंग सव्वासहा फुटी असतो हे साऱ्या जगाला ठाऊक आहे. कोपऱ्यावर चहा प्यायलो आणि सव्वासहा लिहून दिलं. खरं वाटावं म्हणून अर्धा इंच वाढवला.
आज गादी परत आली. आजोबांचा पलंग पावणेसहा निघाला. भावजींनी विचारलं, टेप कुठाय? टेप खिळ्यालाच होती. सूत्राचं वाक्य ओठावर आलं होतं. गिळलं.

खर्च: रंगीत पेनं ४०, कॅल्क्युलेटर ३५०, प्रोफेसरचे चहा ६०.
देणं: भावजींना एक गादी. ती आता माझ्या खाटेवर आहे. पायाकडे भिंतीला टेकून वर वळते. किती, ते मोजलं नाही. सहा इंच धरतो.