गोळी घेतली असल्यास एक दाबा

ता. ३

चि. खारीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. तीनदा वाचलं. मग शेजारच्या शिंपिणीला वाचून दाखवलं, तिला नको असताना. तू लिहितेस की कामाच्या रगाड्यात फोन करायला होत नाही, रागावू नकोस. अगं, रागावू कशाला? तुझा आवाज रोज सकाळी माझ्या कानात असतोच. तू खुशाल काम कर.

इथलं सगळं ठीक. गच्चीवरची टाकी गळते. घरमालक येतो, वर बघतो, मान हलवतो आणि जातो, जसा काही टाकीच्या समाचारालाच आला होता. माझे गुडघे कुरकुरतात, पण मी त्यांचं ऐकून घेत नाही. शिंपीण तुझ्या आजोबांचा कोट मागत होती, उसवून दुसरं काहीतरी शिवते म्हणाली. नाही दिला. खुंटीवर बरा दिसतो.

हां, सांगायचं ते राहिलंच. खालचा बेकरीवाला हल्ली अगदी सुकलाय. जिना चढताना कठडा धरतो. मी विचारलं, रक्तदाबाच्या गोळ्या घेतोस ना रे? तर म्हणाला, तुमच्या नातीच्या कचेरीतून आठवणीचा फोन येतो ना, तोच सांगतो की आज शून्य गोळ्या घ्या. गोळ्यांना सुट्टी मिळाली, म्हणाला आणि हसला. मला नाही पटलं. शून्य गोळ्या घ्या हे सांगायला कुणी फोन कशाला करेल? मी दोन बुकं शिकलेली बाई, मला काय कळणार. तू बघ.

लोभ आहेच. वाढवलास तर ठेवायला जागा करीन.

तुझी आजी


ता. ९

ती. आजीस,
शि. सा. न.

तुझं पत्र वाचलं आणि तशीच बेकरीवाल्या काकांची नोंद उघडली. त्यांना लगेच फोन करून सांगितलं, आजच डॉक्टरांकडे जा. भट्टी उतरली की जातो म्हणाले. तू मागे लाग.

झालं काय ते सांगते. रुग्णालयातून आम्हाला रोज एक्सएमएल फायली येतात. त्यात प्रत्येक माहितीला तिच्या नावाची खूण लावलेली असते: नाव, फोन, किती गोळ्या. आमचा जावा नावाच्या संगणकी भाषेतला प्रोग्राम त्या फाईलवरून एकेका माणसाचा ऑब्जेक्ट बनवतो, म्हणजे तो माणूस आमच्या यंत्रात उभा करतो. मध्यंतरी रुग्णालयानं यंत्रणा बदलली आणि काही खुणांची नावं बदलली. आमचा प्रोग्राम अनोळखी खूण दिसली की गुपचूप सोडून देतो, आणि गोळ्यांचा आकडा सापडला नाही की शून्य धरतो. ओरडत नाही, थांबत नाही. फाईल कशी असायला हवी याचा नमुना, त्याला स्कीमा म्हणतात, आमच्याकडे पहिल्यापासून आहे. पण फाईल आत घेण्याआधी त्याच्याशी ताडून बघायचं कुणी सुरूच केलं नाही. साहेब म्हणायचे, फायली अडकतील, काम खोळंबेल.

आजी, खरी भीती पुढे आहे. माणूस गेल्याची तारीख तर पहिल्यापासूनच अशी सुटत होती. म्हणजे गेलेली माणसं आमच्याकडे अजून जिवंत आहेत आणि त्यांना रोज सकाळी फोन जातो. माझ्या आवाजात, सूचना मीच बोलून ठेवली होती. बहुतेक ठिकाणी कुणी उचलत नाही. एक जण मात्र उचलतो. रोज उचलतो आणि रोज एक दाबतो, म्हणजे गोळी घेतली.

नंबर बघितला. नंबर आपल्या घरचा आहे, नोंद आजोबांची आहे. त्यांना जाऊन वर्ष झालं. आजी, घरात कोण आहे?

लोभ असू दे, आणि दाराची कडी नीट लाव.

तुझी खार


ता. १४

चि. खारीस,
अ. उ. आ.

वेडे, घरात मी आहे! पत्र वाचून इतकी हसले की शिंपीण भिंतीवर थापा मारायला लागली.

अगं, शेवटी शेवटी आजोबांची बोटं थरथरायची, म्हणून त्यांच्यासाठी मीच एक दाबत होते. त्याआधी ते स्वतः दाबायचे आणि धडधडीत खोटं दाबायचे. गोळी घेतली का विचारलं की आधी घसा खाकरायचे, मग एक दाबायचे. ते गेल्यावर रेडिओच्या मागे मूठभर गोळ्या सापडल्या. खाकरणं ऐकलं की मी ओळखायचे, स्वारी आता थाप मारणार.

ते गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी चहा उतरवत होते आणि फोन वाजला. उचलला, तर तू. गोळी घेतलीत का, घेतली असल्यास एक दाबा. खारे, घरात सगळे त्यांच्याबद्दल होते, होते करत होते आणि तू एकटीच ते असल्यासारखं विचारत होतीस. माझं बोट आपसूक गेलं. तेव्हापासून रोज जातं. मी म्हटलं, पोरीच्या कचेरीला माहीत असेलच, माझ्यासाठी मुद्दाम चालू ठेवलं असेल.

तेव्हा माझं एक ऐक. ती तपासणी लावायची तर लाव, पण त्यांची एवढी एक नोंद तशीच राहू दे. ते तुला काय त्रास देतात? वर्षभर वेळेवर गोळ्या घेतायत बिचारे.

हे पत्र काल एवढंच लिहून ठेवलं होतं. आज पुढचं लिहिते.

बेकरीवाला काल भट्टीपुढे कोसळला. डॉक्टरकडे उद्या जातो, परवा जातो करत राहिला. शिंपिणीनं आणि मी मिळून त्याला रिक्षात घातलं. जीव वाचला, पण डावा हात अजून उचलत नाही. मला म्हणाला, आजी, उद्याचे पाव कोण काढणार?

रात्रभर माझ्या मनात एकच. ज्या फटीतून माझा माणूस घरात येत होता, त्याच फटीतून बेकरीवाल्याच्या गोळ्या पडल्या. लाव ती तपासणी. साहेबाला सांग, आजीनं सांगितलंय. आणि आमच्या ह्यांचीही नोंद सोडू नकोस. त्यांना सूट मिळाली की ते शेफारतात.

लोभ कमी करू नकोस. बाकी काहीही बंद कर.

तुझी आजी


ता. २०

ती. आजीस,
शि. सा. न.

काकांबद्दलचं साहेबांना वाचून दाखवलं. दुसरा शब्द न बोलता म्हणाले, लावा.

परवापासून प्रत्येक फाईल आधी नमुन्याशी ताडली जाते. जुळली नाही तर आत येत नाही, आणि काय चुकलं ते लिहून परत जाते. पहिल्या सकाळी निम्म्या फायली अडल्या, रुग्णालयाची माणसं माझ्यावर खेकसली. संध्याकाळपर्यंत सगळ्या दुरुस्त होऊन आल्या. काकांच्या दोन गोळ्या दोनच दिसतात. आजोबांच्या नोंदीत ते गेल्याचा दिवस लागला. मी दोनदा बघितलं. आता तुला फोन जाणार नाही, आजी. कुठूनही जाणार नाही, मी खात्री केली.

येत्या रविवारी येते. शनिवारी संध्याकाळी निघेन. वाटेत डोंगर आहेत, फोन लागत नाही, काळजी करू नकोस. रविवारनंतर रोज मीच बोलेन, खरीखुरी.

लोभ आहे म्हणूनच येते आहे.

तुझी खार


ता. २६, रविवार

चि. खारीस,
अ. उ. आ.

तू दुपारी पोचशील आणि मी बोलायला लागले की हे राहून जाईल, म्हणून लिहून उशीखाली ठेवते. तोंडानं सांगितलं तर शिंपीण भिंतीपलीकडून ऐकेल.

आठवडाभर सकाळी घर नुसतं शांत. चहा उतरवायचा आणि फोनकडे बघायचं. तो आपला काळा, गप्प. मी स्वतःला म्हटलं, झालं, बाई, आता खरंच गेले.

आणि आज वाजला. नेहमीच्याच वेळेला. तू डोंगरात होतीस, कचेरीतून येणार नव्हता. मी उचलला. तुझा आवाज नाही, कुणाचाच नाही. लांबवर वारा असावा तसं काहीतरी. मी ठेवणार होते. पण वर्षभराची सवय, काहीतरी बोलायला हवं, म्हणून ह्या खेपेला मीच विचारलं. अहो, गोळी घेतलीत का?

पलीकडे कुणीतरी घसा खाकरला.

मग एकदाच टूं वाजलं, बटण दाबल्यावर वाजतं तसं, आणि फोन बंद झाला.

घेतलेली नाही, मला माहीत आहे. पण मी बरं म्हटलं, आणि कोटावरची धूळ झटकली. खारे, इतकं छान वाटतंय म्हणून सांगू!

त्या तपासणीला यातलं काही कळवू नकोस. तिनं तिचं काम चोख केलंय.

लोभ आहे. तुझा, माझा, आणि अजून एकाचा.

तुझी आजी