खंडेनवमीला पाटावर बसलेली नळी

हे बघा काका, काकूला मी रडवलेलं नाही. ती रडली तेव्हा मी समोर उभी होते, एवढाच माझा गुन्हा. आणि "या मुलीनं पुन्हा वाडीत पाऊल टाकायचं नाही" हे तुम्ही माझ्याकडे न बघता ओटीवरच्या पंख्याकडे बघून म्हणालात, त्यामुळे तो हुकूम पंख्याला लागू आहे, मला नाही. (फोन उचलत नाही म्हणून पत्र. शुद्धलेखन तपासायला घ्याल, म्हणजे वाचाल तरी.)

आता रीतीचं. साष्टांग नमस्कार. खोकला कसा आहे? सुपारी उतरवून झाली का? मी बरी आहे, झोप सोडून सगळं वेळेवर चाललंय.

ती नळी म्हणजे पाण्याच्या फिल्टरमधली कांडी नव्हे, हे चार वेळा सांगून झालंय. पाचव्यांदा सांगते, कारण तुम्ही चाळीस वर्षं शाळेत मास्तरकी केलीत आणि पाच वेळा सांगितल्याशिवाय कोणाला कळत नाही हे तुमचंच म्हणणं. ती पांढरी, पोकळ, हातभर नळी. तिच्यावर झिओलाइट नावाच्या खनिजाचा थर, आणि त्या थराला इतकी बारीक भोकं की धुरातला कार्बन डायऑक्साइड पलीकडे जातो आणि नायट्रोजन बहुतेक दारातच उभा राहतो. गेलेला पंपानं ओढून घ्यायचा, साठवायचा. पुढेमागे हे कारखान्यांच्या धुराड्यांना लागेल. पण माझ्या थीसिसच्या गाइड मॅडम म्हणाल्या, बाटलीतल्या गॅसवर कोणीही करून दाखवेल, खरा धूर आण. आता खरा धूर म्हटल्यावर मला आपल्या विहिरीवरच्या डिझेल इंजिनाशिवाय दुसरं कोण आठवणार? वादळानंतर वीज नव्हती तेव्हा त्यानंच वाडी जगवली, हे तुम्ही दर जेवणात आमटी आणि भात यांच्यामध्ये सांगता.

पहिला घोळ माझाच, कबूल. धुरात वाफ असते, आणि या खनिजाला पाणी दिसलं की ते दुसऱ्या कशाला विचारत नाही. (तुमचा लेक यशोधन पंगतीत मठ्ठ्यानंच पोट भरतो, तसं.) मग वाडीत पाणी बघणाऱ्या चांगदेवनं डोकं चालवलं. "ताय, धूर इहिरीतनं फिरवून काढा की, गार व्हईल." तसं पाइपाचं वेटोळं विहिरीत सोडलं, काजळीला गाळणी लावली, राहिलेली ओल सुकवणाऱ्या दाण्यांत अडवली. धूर कोरडा झाला. आणि खंडेनवमी आली.

कोयता, पहार, अडकित्ता, इंजिन, सगळी हत्यारं पूजेला. मी आंघोळ करून येते तर पाटावर मधोमध माझी नळी! अंगाला तेल, हळद, कुंकू, वरून नारळाचं पाणी. काकू म्हणते, "नवीकोरी गं, बोडकी दिसत होती. तिला एकटीला कशी वगळू?" (तेलही नुसतं बोटानं लावलेलं नाही, बाळंतिणीच्या बाळासारखं चोळून जिरवलेलं.) सगळी भोकं बंद. मी फक्त म्हटलं, "काकू, चार महिने गेले!" ओरडून म्हटलं, मान्य, आणि तेव्हाच काकू रडली. त्यावर तुम्ही, "पूजेनं यंत्र बिघडतं हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय?" माझ्या शास्त्रात, काका.

तेल जाळायला भट्टीत घातली, तर थर तडकला. दुसरी केली, तीही फुकट. तिसरी जमली. उद्या सकाळी दहाला कॉलेजची माणसं येतायत. उद्या खऱ्या धुरावरचे आकडे मिळाले नाहीत तर मला बाटलीतल्या गॅसवर थीसिस लिहून गप्प बसावं लागेल, आणि गप्प बसणं आपल्या घराण्यात अजून कोणाला जमलेलं नाही. तेव्हा चाचणी होणार, आपल्याच वाडीत होणार. तुम्ही पंख्याला काय सांगायचं ते सांगा.

तुमची (रागावलात तरी)
क्षिप्रा

ता. क. काकूशी माझं केव्हाच मिटलंय. हे पत्र तुमच्या चष्म्याखाली तिनंच ठेवलं. या वेळी नळीला लांबून नमस्कार, असा तह झालाय. ती अक्षतांवर अडून बसली होती, शेवटी एका दाण्यावर तडजोड झाली.

ता. क. दुसरा. परवानगी मागायला लिहिलेलं नाही. मी सकाळपासून वाडीतच आहे.

ता. क. तिसरा. इंजिन चालू होत नाहीये. चांगदेव हँडल मारून मारून खांदा धरून बसलाय, मी मारलं तर ते उलटं येऊन माझ्याच मनगटावर बसलं. तो म्हणतो, "मास्तरांच्या हाताबिगर त्ये न्हाय आयकायचं." झोप झाली असेल तर या, काका. भांडण उद्या दुपारी पुरं करू. आत्ता मात्र उत्तर देऊ नका, मी ऐकायला थांबत नाहीये. चांगदेवच्या खांद्याला मलम घेऊन विहिरीकडे चालले.