छताखाली कोण उभं राहणार

मंगळवार, तंजावर, १९६४

व्यंकटनं आज बँकेला होकार लिहून टाकला. वीस वर्षं माझ्या लेकानं स्वतःच्या हिमतीवर लोकांची घरं बांधली. आता त्या मोठ्या बँकेच्या नव्या शाखा पापनाशम, तिरुवैयारुकडे बांधायच्या आहेत, त्या सगळ्या कामांवर देखरेख म्हणे हा करणार. सून हवेत आहे. मी नाही.

छत ओतल्यावर खालच्या फळ्या काढतात, तेव्हा व्यंकट नेहमी खाली उभा राहतो. पडलं तर आधी माझ्यावर, म्हणतो. म्हणून गवंडी सिमेंट चोरत नाहीत. मी विचारलं, "बँकेच्या छताखाली कोण रे उभं राहणार?"

"अम्मा, पाच गावांत कामं. मी नुसती सही करायची."

"न बघता?"

"कंत्राटदार लिहून देतो ना."

"लिहायला त्याचं काय जातं? लिहिते तर मीसुद्धा!"

हसला. मग हळूच म्हणाला, "अम्मा, मलाही त्याचीच भीती वाटते."

हे कशाला सांगितलंस गाढवा? तू घाबरत नव्हतास, म्हणून फळ्या काढायच्या दिवशी मी दोन घास तरी खात होते.