फुली नसलेली वही

बदनापूर,
१६ फेब्रुवारी २०२५

प्रिय अर्पिता,

तू बरी असशील असं धरून लिहायला बसलो आहे. इथं मामा आणि मी, तू डिसेंबरात बघून गेलीस तसेच आहोत.

कृषी संशोधन केंद्रावर हरभरा घाटे धरतो आहे. माझं काम तेच. प्रत्येक वाफ्यातली पाच झाडं निवडायची, उंची मोजायची, घाटे मोजायचे, लिहायचं. शहागडला आईच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, नीट झालं. तीर्थपुरीहून भुजंग आला होता. मामांचं शेत अजून तोच बटईनं करतो. मोसंबीला फुलं आली म्हणाला. पाणी कधी सोडलंस, एवढंच मामांनी त्याला विचारलं.

तुझी मेल मिळाली. तू पायांच्या नोंदींची मूळ वही मागितली आहेस. उद्या टपालात टाकतो. हे पत्र वहीतच ठेवतो. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू दिसतेस.

मेलमधलं तुझं म्हणणं इथं उतरवतो, म्हणजे मी ते बरोबर वाचलं की नाही ते तुला कळेल. तुमच्या माल्टा बेटावरच्या एकसष्ट लोकांत ज्यांना ज्यांना जखम झाली, त्यांचा पाय आधी तापलेला दिसला. बासष्टावे आपले मामा, तुझे बाबा. त्यांच्या पायात शेवटच्या दिवसापर्यंत काही दिसलं नाही आणि पाय गेला. म्हणून तीन मार्चला समितीपुढं तू सांगणार आहेस की पायाचं तापमान मोजायचं हे यंत्र लोकांच्या घरी भरवशाचं नाही, पुढचा टप्पा थांबवावा. तुझ्या स्वतःच्या घरी ते चुकलं, असं तू लिहिलं आहेस.

ते तू सांगू नयेस म्हणून हे पत्र.

गेल्या वर्षी तुझं पार्सल आलं तेव्हा मामांनी विचारलं होतं, माल्टा म्हणजे ते मोसंबीसारखं फळ येतं तेच गाव का. तू फोनवर हसलीस आणि मग सगळं समजावलंस. ते मला अजून पाठ आहे. साखरेनं पाय बधिर झाला की दुखलेलं कळत नाही. पण जखम उघडायच्या आधी ती जागा आतून तापते. म्हणून दोन्ही पायांच्या त्याच त्या सहा जागा रोज मोजायच्या. डाव्या-उजव्यात दोन पूर्णांक दोन अंशांपेक्षा जास्त फरक सलग दोन दिवस आला, की चालणं बंद आणि डॉक्टरकडं. पेनासारखं यंत्र. टोक तळव्याला टेकवून पिक् वाजेपर्यंत धरायचं. मामांचे गुडघे वाकत नाहीत, नजर अधू. मामी जाऊन चार वर्षं झालेली. घरात मी एकटा. तू म्हणालीस, दादा, तुझं तर कामच नोंदी घेण्याचं, तुझ्यासारखा माणूस मला इथं बेटावरसुद्धा मिळाला नसता.

बारा फेब्रुवारीला वही सुरू झाली. दर रविवारी मी पानाचा फोटो पाठवायचो. जूनमध्ये तू सांगितलंस, तुझे सर बाबांचा तक्ता बघून म्हणाले की हा माणूस खरंच अडुसष्टचा आहे का, पाय तिशीतले वाटतात. मी ते मामांना सांगितलं. मामा हसले.

"मंग तुझी तब्येत चांगली हाय म्हणायची, हरिओम," म्हणाले.

त्यांचं हे बोलणं मी तुला तेव्हा कळवलं नाही.

केंद्रावर रुजू झालो तेव्हा रामप्रसाद साहेबांनी पहिल्या दिवशी एकच नियम सांगितला होता. न मोजलेला आकडा लिहायचा नाही, तिथं फुली मारायची. पाऊस आला, फुली. झाड रानडुकरानं मोडलं, फुली. फुल्या नसलेली वही साहेब परत पाठवायचे. तुझ्या एकसष्ट लोकांच्या तक्त्यातही रिकाम्या जागा आहेत, असं तू म्हणाली होतीस. कुणी गावाला गेलं, कुणी विसरलं, कुणाला कंटाळा आला. मामांच्या दोनशे त्र्याऐंशी दिवसांत एकही फुली नाही. डिसेंबरात तू पलंगावर बसून वही चाळलीस आणि म्हणालीस, एक दिवस चुकला नाहीस दादा, तू होतास म्हणून मी तिकडं काम करू शकले. तिथं मी बोलायला हवं होतं. मी चहा ठेवायला उठलो.

वहीतले आकडे माझ्या पायांचे आहेत.

तुझ्या सरांना हे समजावून सांगावं लागेल, म्हणून सरळ लिहितो. आपल्याकडं भाचा मानाचा. मामानं भाच्याच्या पाया पडायचं. भाच्यानं मामाच्या पायाला हात लावायचा नसतो, लावला तर दोष मामाला. तुझ्यासमोर कितीदा झालं आहे. मी सात वर्षांचा होतो तेव्हापासून दर दिवाळीला मामा माझ्यापुढं वाकतात आणि मी भिंतीकडं बघत उभा राहतो.

पहिल्या दिवशी मी यंत्र घेऊन त्यांच्यासमोर स्टुलावर बसलो. मामांनी दोन्ही पाय धोतराखाली ओढून घेतले. भाच्याच्या हातात पाय देऊन मी कुठं जाऊ, म्हणाले. मी म्हणालो, औषधपाण्याला चालतं. म्हणाले, "इंजेक्शन दे, घेतो. पाय न्हाई." दवाखान्यातलं कुणी रोज सकाळी यायला तयार होईना. मग मी म्हणालो, अर्पिताला कळवून टाकतो, जमत नाही म्हणून. तेव्हा ते म्हणाले,

"तिचं काम अडवायचं का आपण? तुझे मोज अन् लिही. पायासारखा पाय."

मी हसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मोजे काढून स्वतःचे मोजले. मामा समोर बसून विचारत होते, किती भरलं. मी सांगत होतो. पुढं रोज तसंच. मी काळजीनं मोजायचो. घाईत एकही जागा सोडली नाही. मनचा आकडा एकही लिहिला नाही, असं मी स्वतःला सांगायचो आणि ते खरं होतं.

आता नोव्हेंबरचं.

भाऊबीजेला आम्ही शहागडला गेलो. मामांच्या पायात दिवाळीची नवी चप्पल होती. हायवेपासून घरापर्यंत चालले, दुपारी गोदावरीवर जाऊन आले, परत चालले. आईनं ओवाळलं. मामा माझ्या पाया पडले. सगळं नेहमीसारखं झालं. आईनं चप्पल चावते का विचारलं, तर म्हणाले बिलकुल न्हाई, लोण्यासारखी हाय.

सहा तारखेला माझी सुटी होती. दुपारी मामा झोपले होते. डावा पाय पलंगाच्या बाहेर आलेला. यंत्र टेबलावर होतं. का मोजलं ते मला सांगता येत नाही. आधी उजवा मोजला, अंगठ्याच्या खालची गादी. एकतीस पूर्णांक नऊ. मग डावा, तीच जागा. चौतीस पूर्णांक सहा. पुढची जागा मोजायला मी पायाखाली हात घातला आणि मामा जागे झाले.

ते ओरडले नाहीत. उठून बसले. मला समोर उभं राहायला सांगितलं आणि माझ्या पाया पडले. संध्याकाळी जेवले नाहीत. मी एवढंच म्हणालो, मामा, डावा गरम लागला.

"ऊन पडलं आसंल खिडकीतून," म्हणाले.

आमची खिडकी उत्तरेला आहे.

एकट्या नोंदीवर भरवसा ठेवू नये, असं केंद्रावर शिकवतात. शंका आली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजायचं. मी पुन्हा मोजलं नाही. तुलाही कळवलं नाही. हा एक आकडा कळवायचा तर त्याच्या आधीचे दोनशे अडुसष्ट दिवसही कळवावे लागले असते. सात तारखेला सकाळी मी माझे पाय मोजले.

अठरा तारखेला घरात वास यायला लागला. आम्हाला वाटलं उंदीर मेला. मी ट्रंका हलवल्या, कपाट भिंतीपासून ओढलं. मामांनी काठीनं पलंगाखाली ढोसून बघितलं. शेजारच्या झुंबरबाईही येऊन बघून गेल्या, म्हणाल्या नालीत असंल. दोन दिवस आम्ही उंदीर शोधत होतो. वीस तारखेला सकाळी मी माझे बारा आकडे लिहिले, वही मिटली, आणि दाराशी मामांची चप्पल सरळ करायला उचलली. ती आतून ओली होती.

त्याच सकाळी जालन्याला नेलं. डॉक्टरांनी पट्टी बांधता बांधता विचारलं, यांचे पाय रोज कोण बघतं.

मी म्हणालो, "मी."

मामा माझ्याकडं बघत होते. चोवीस तारखेला पाय गुडघ्याखालून काढला. पुढचं तुला माहीत आहे.

वही उलटी करून शेवटचं पान बघ. पेन्सिलनं तारीख आणि दोन आकडे आहेत. ते मी सहा तारखेच्याच दुपारी लिहिले होते. त्या पानाचा फोटो कधी पाठवला नाही. पूर्ण वहीत मामांच्या पायांचे एवढेच. तुझ्या नियमाला सलग दोन दिवस लागतात, माझ्याकडं एकच आहे, त्याची किंमत काय ते तू ठरव. पण यंत्र चुकलं नाही, अर्पिता. ज्या एका दिवशी ते तुझ्या बाबांच्या पायाला लागलं, त्या दिवशी ते बोललं होतं. चप्पल ओली सापडण्याच्या चौदा दिवस आधी. मामांना तुझ्या यादीतून काढावं लागेल. कारणाच्या जागी माझं नाव लिही. समितीपुढं हे पत्र ठेवायचं असेल तर ठेव.

यानंतर तुला मला फोन करावासा वाटेल की नाही, ते माहीत नाही. मामांना करत जा. रविवारी अकरापासून ते फोन मांडीवर घेऊन बसतात.

काल मी त्यांना सांगितलं की सगळं लिहितो आहे. बराच वेळ खुर्चीच्या चाकावर हात फिरवत बसले. मग म्हणाले, "मी म्हणलो म्हणून केलं, आसं लिही." मी म्हणालो, दोघांचं लिहितो. म्हणाले, "सहा तारखेचं लिहून राह्यला का?" मी हो म्हणालो. त्यांनी मान हलवली. तो दिवस त्यांच्याही लक्षात होता, हे मला काल कळलं.

आज सकाळी त्यांनी हाक मारली आणि स्टूल आणायला लावलं. मला वाटलं टेकायला हवं असेल. त्यांनी मला स्टुलावर पाय ठेवायला सांगितलं. खुर्चीतून वाकता येतं तेवढे वाकले, दोन्ही हात माझ्या पायांना लावले, मग कपाळाला. या वेळी मी भिंतीकडं बघितलं नाही. मग म्हणाले, "आता तुझे पाय खाली घे."

आणि स्वतःच्या दोन्ही हातांनी उजवा पाय उचलून स्टुलावर ठेवला.

"बघ."

मी खाली बसून सहाही जागा मोजल्या. टाचेला एक भेग आहे. जखम नाही. पाय मला वाटला होता त्यापेक्षा हलका होता. मामा छताकडं बघत होते. यंत्र सहा वेळा वाजलं. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "लावलं का? मला कळलंच न्हाई."

मी झालं म्हणालो.

आकडे नव्या वहीत लिहिले. पान तुझ्याच पद्धतीनं आखलं आहे, डावा रकाना, उजवा रकाना. डाव्या रकान्यात सहा फुल्या मारल्या.

थंडी असेल तर मोजे घालून झोप, असं मामांनी सांगायला सांगितलं आहे.

तुझ्या तक्त्यात नऊ महिने ज्याचे पाय आहेत तो,
हरिओम